पूर्वचाचणीला ९६, उत्तरचाचणीला ६१

बालाघाटच्या डोंगरातल्या धारूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा, तिथल्या एक शिक्षिका आणि त्यांनी नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात केलेली पीएचडी, एवढाच या प्रकरणाचा ऐवज. मी त्या वेळी त्यांचा केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा. म्हणजे लांबून बघणारा तटस्थ माणूस मी नव्हे. या गोष्टीत दोन-तीन ठिकाणी माझी सही आहे आणि एका ठिकाणी माझी चूकही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील, मुलांचे आकडेसुद्धा, थोडे इकडचे तिकडे केलेत. हिशेबाची जात मात्र तीच ठेवली आहे. बाईंचं नाव घेत नाही. आमच्या केंद्रात त्यांना सगळे 'बाई'च म्हणत, डॉक्टर झाल्यावरही.

अर्ज

२०१६च्या पावसाळ्यात बाई ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन आल्या. आधी डी.एड., नोकरी लागल्यावर बाहेरून बी.ए., मग बी.एड., एम.एड., अशी पायरी पायरी चढत आलेली बाई. वय अडतीस. म्हणाल्या, "पेट निघाली, साहेब. आता तुमची शिफारस पाहिजे." पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा.

मुख्याध्यापक शेजारीच होते. त्यांनी विचारलं, "यानं पगार वाढतो का?"

"नाही."

"बढती?"

"नाही."

मुख्याध्यापक माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो असेन.

प्रश्न वावगा नव्हता. शाळेत शिकवणाऱ्या माणसानं डॉक्टरेट कशासाठी करायची, हे आपल्याकडं कुणी नीट ठरवलेलंच नाही. अमेरिकेत त्यासाठी एड.डी. नावाची वेगळी पदवी आहे. हार्वर्डनं ती १९२०च्या सुमारास सुरू केली, शाळांमध्ये काम करणाऱ्या आणि शाळा चालवणाऱ्या लोकांसाठी. पुढं तिच्यात आणि पीएचडीत फरक तो काय उरला, यावर तिथंही वाद झडत आलेत. आपल्याकडं तो वादही नाही. तिसरीला जोडाक्षरं शिकवणारी बाई असो की बी.एड. कॉलेजचा प्राध्यापक, दोघांची वाट एकच: प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, संशोधन आराखडा, दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढं प्रगती अहवाल, प्रबंध, मौखिकी. २०१६च्या यूजीसी नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा, महिलांना वर दोन. प्रबंध द्यायच्या आधी तेव्हा एक शोधनिबंध छापून आलेला आणि दोन परिषदांत वाचन झालेलं लागायचं. हे सगळं शाळा सुटल्यावर आणि रविवारी.

मराठवाड्यात तर ही वाटच तशी अलीकडची. १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झालं, तोवर इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती. नांदेडचं विद्यापीठ १९९४चं. माझे वडील निजामाच्या राज्यात पाचवीपासून उर्दूतून शिकले. म्हातारपणीही उर्दूचा एखादा धडा घडाघडा म्हणून दाखवायचे आणि अर्थ विचारला की नुसते हसायचे. वडिलांचं हे हसू मला पुढं एका ठिकाणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

शिफारस मी केली. मनात होतं, दोन वर्षांत हौस फिटेल.

बाईंचा पहिला विषय आमच्याकडं असतो तसाच होता. वाचनकौशल्य विकसनासाठी कृतिकार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास. हा साचा आम्हाला कृतिसंशोधनापासून, म्हणजे शिक्षक आपल्याच वर्गावर करतात त्या छोट्या प्रयोगांपासून, पाठ. माझ्या नोकरीत मी शिक्षकांची शे-दीडशे कृतिसंशोधनं तरी वाचली असतील, त्यातलं एकही अयशस्वी झालेलं आठवत नाही. खेळ घेतला, गुण वाढले. गाणी घेतली, गुण वाढले. काहीच न घेता नुसती शाळेला रंगरंगोटी केली असती तरी वाढले असते की काय, अशी शंका यावी इतके वाढायचे.

सोळाचे चोवीस

चार शाळा घेतल्या. दोन प्रायोगिक, म्हणजे कार्यक्रम राबवायच्या, दोन नियंत्रित, म्हणजे नुसत्या तुलनेसाठीच्या; तिसरी-चौथीची मिळून ९६ मुलं. ऑगस्ट २०१७मध्ये चाळीस गुणांची पूर्वचाचणी झाली. सरासरी १६. मग कार्यक्रम सुरू झाला. शब्दपट्ट्या, जोडीनं वाचन, वर्गात दोरीला टांगलेली छोटी पुस्तकं. चांगलं चाललं होतं. मी दोनदा भेट दिली आणि दोन्ही वेळा भेट-नोंदवहीत 'स्तुत्य उपक्रम' असं लिहून आलो.

मग दसरा झाला. आमच्या भागात दसरा-दिवाळी म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते; नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम सुरू व्हायच्या बेतात ट्रॅक्टर गावात येतात आणि दोन-चार रात्रींत अर्धं गाव रिकामं होतं. भांडी, शेळी, लेकरं, सरपणसुद्धा ट्रॉलीत. पश्चिम महाराष्ट्र, नाहीतर कर्नाटकचा सीमाभाग. परत यायचं ते ऊस संपेल तेव्हा, मार्च-एप्रिलात.

मार्च २०१८च्या उत्तरचाचणीला ९६पैकी ६१ मुलं बसली. सरासरी २४. सोळाचे चोवीस. कृतिसंशोधन असतं तर इथंच पेढे वाटले असते.

गाईड सरांनी सांगितलं ते पुस्तकाला धरून होतं. ज्यांच्या दोन्ही चाचण्या झाल्यात तेवढीच मुलं धरा, बाकीची वगळा आणि मर्यादांमध्ये एक ओळ लिहा. बाईंनी त्या एकसष्ट मुलांची पूर्वचाचणीची सरासरी वेगळी काढली. ती आली १९. सहज म्हणून गेलेल्या पस्तीस मुलांचीही काढली. ती आली ११.

केंद्राच्या बैठकीनंतर बाईंनी पाठकोऱ्या कागदावर मला तो हिशेब मांडून दाखवला. तो मी अजून जपून ठेवलाय. सगळ्या ९६ मुलांची सरासरी १६. त्यातली कच्ची पस्तीस निघून गेली की उरलेल्यांची आपोआप १९ होते. म्हणजे ऑगस्ट ते मार्च एकाही पोरानं एक अक्षर जास्तीचं शिकलं नसतं, तरी तीन गुण 'वाढले' असते. सोळाचे चोवीस यातल्या आठ गुणांपैकी तीन गुण निव्वळ लेकरं ट्रॉलीत बसून गेल्याचे. राहिलेल्या पाचांतले तीन नियंत्रित गटालाही मिळाले होते, म्हणजे ते नेहमीच्या शाळेचे. पाच ही दोन्ही गटांची मिळून सरासरी; प्रायोगिक गटाचे एकट्याचे सात वाढले होते, म्हणून कार्यक्रमाचा खरा फरक दोन्ही गटांमध्ये चार गुणांचा निघाला. टी-मूल्य, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना हे बघायचा आकडा, ०.०५ स्तरावर सार्थक. पीएचडीला तेवढं पुरतं.

कोर्सवर्कमध्ये बाईंनी कॅम्पबेल आणि स्टॅन्ली या दोन अमेरिकनांची १९६३ची एक यादी घोकली होती. प्रयोगाचा निष्कर्ष कशाकशामुळं फसवा ठरतो, त्याची. त्यात एक नोंद आहे 'मॉर्टॅलिटी' अशी, म्हणजे शब्दशः मृत्यू. प्रयोग चालू असताना नमुन्यातली माणसं कमी होत जाणं, असा तिचा अर्थ. त्यालाच अॅट्रिशनही म्हणतात. प्रबंध मराठीत लिहायचा, म्हणून बाई या शब्दाला मराठी शब्द शोधत होत्या. शब्द निघाला 'गळती'.

"साहेब, हा शब्द मी अठरा वर्षं शाळेच्या तक्त्यात लिहितेय," बाई म्हणाल्या. "गळती: निरंक."

निरंकच असायची. स्थलांतरित मुलाचं नाव पटावरून काढत नाहीत, काढूही नये. मूल परत येतं. त्यामुळं कागदावर कुणी गळतच नाही. पण बाईंनी पुढं जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. केंद्राच्या प्रगतीच्या तक्त्यात आपण दिवाळीआधीच्या संकलित एक या परीक्षेची सरासरी घेतो आणि एप्रिलच्या संकलित दोनची घेतो. दोन्ही वेळा जेवढी हजर असतील तेवढ्यांची. मग दरवर्षी दिसणारी वाढ कशाची? त्या तक्त्यावर खाली माझी सही असते.

माझ्या मते बाईंची पीएचडी इथं सुरू झाली. पदवीच्या कागदावर नोंदणीची तारीख वर्षभर आधीची आहे.

त्यांनी विषय बदलायचं ठरवलं. वगळायची जी पस्तीस मुलं, त्यांचाच अभ्यास. त्यातली बारा निवडून दोन हंगाम त्यांच्या मागं जायचं. गाईड सर भले माणूस, पण वैतागले. म्हणाले, "बाई, दीड वर्ष जाईल. सही मी करतो, पण नंतर माझ्याकडं रडत येऊ नका." शीर्षक बदलाचा अर्ज, नवा आराखडा, पुन्हा समिती, त्यातच आठ महिने गेले. घरी सासूबाई विचारायच्या, यंदा बारावीला नेमकं कोण आहे, पोरगी का तुम्ही?

कोपीतलं पान

जानेवारी २०१९मध्ये किरकोळ रजा टाकून बाई नवऱ्याला सोबत घेऊन कोल्हापूर जिल्ह्यात गेल्या. आमच्या गावची टोळी तिथं एका माळावर उतरली होती. पाचटाच्या कोप्या, पुढं चूल, बाजूला बैल. दिवसा माणूस नाही, सगळे फडावर. कोपीत असतात ती लेकरं आणि त्यांना सांभाळणारी मोठी लेकरं.

चौथीतली एक मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. बाईंना बघून लाजली, मग आत पळत जाऊन मेढीला टांगलेलं दप्तर घेऊन आली. पुस्तक खताच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. संध्याकाळी आई फडावरून आली. म्हणाली, "बाई, आमी काय म्हणून ठिवावं हिला गावाकडं? ह्या बारक्याला कोण बघंल? पोरगं आसतं तर ऱ्हायलं आसतं म्हातारीपाशी." मग लेकीला म्हणाली, "वाच गं, बाईला वाचून दाखीव."

मुलगी वाचायला लागली. बोट ओळीखाली, आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही. आईनं पदर तोंडाला लावला. बाईंनाही भरून आलं असेल. पण शाळेच्या सवयीनं त्या पुस्तकात बघत होत्या. मुलगी पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत आली, पान उलटायचं राहिलं, आणि वाचन पुढं चालूच राहिलं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलेलं, तोंडून पुढच्या पानावरचा मजकूर.

बाईंनी वहीचं पान फाडून त्यावर चार ओळी लिहिल्या. ताईनं वाढे विकले. दोन पेंढ्या दिल्या. तिथल्या रोजच्याच गोष्टी; वाढे म्हणजे उसाचे शेंडे. मुलगी 'ताई' वाचू शकली. 'वा... ढे' लावून लावून जमलं. 'पेंढ्या'पाशी थांबली आणि बाईंकडं बघायला लागली.

या मुलीला ऑगस्टच्या पूर्वचाचणीत चाळीसपैकी चौदा गुण होते. ती चाचणी बाईंनीच तयार केली होती आणि तीतले उतारे पाठ्यपुस्तकातले होते. चौदा गुण पाठांतराचे. म्हणजे प्रश्न त्या पस्तीस मुलांपुरता राहिला नाही. ज्या एकसष्ट मुलांवर टी-मूल्य काढलं, त्यांच्यातलेही किती जण वाचत होते आणि किती जण म्हणत होते, कुणास ठाऊक. मापायची फूटपट्टीच वाकडी. संशोधनाच्या भाषेत हा चाचणीच्या सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचं तेच ती मोजते का याचा, प्रश्न; एम.एड.ला पाच गुणांची टीप म्हणून बाईंनी ती लिहिली होती, मीही बी.एड.ला लिहिली होती. मला तर घरातच माझे वडील होते.

मार्चअखेर

गावी परतल्यावर बाईंनी पहिला प्रयोग स्वतःच्या वर्गावर केला. पटावर सत्तावीस मुलं. आधीच्या नोंदीत 'वाचते' या रकान्यात एकोणीस. त्यांनी कुठल्याच पुस्तकात नसलेले, स्वतः रचलेले छोटे उतारे घेतले. 'असर' या देशभरच्या शिक्षण-पाहणीत करतात तसं एकेका मुलाला बाजूला बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर वाचून घेतलं. न पाहिलेला उतारा वाचू शकली ती बारा. बाईंनी रजिस्टरला बारा लिहिलं.

फेब्रुवारीअखेर तो आकडा माझ्याकडं आला. केंद्रातल्या बाकी सगळ्या शाळांची चढती कमान आणि सगळ्यांत कष्टाळू शिक्षिकेच्या वर्गाची एकोणीसवरून बारा. मी फोन केला.

"बाई, मार्चअखेर कशाला हा घोळ? पुढच्या वर्षी करा की नवीन पद्धत."

"साहेब, मुलं तीच आहेत. आपण नीट बघितलं, एवढंच."

"मला वर काय सांगायचं? सात पोरं वाचायची विसरली?"

"विसरली नाहीत. त्यांना येतच नव्हतं."

मी फोन ठेवला. आता चूक सांगतो. केंद्राच्या तक्त्यात मी त्यांच्या शाळेपुढं एकोणीसच लिहिलं. कुणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. खुलासा मागवतील, बैठकीत उभं करतील, एवढी भीती माझी मलाच होती. बाईंना ते आठवड्यातच कळलं असणार, तक्ता सगळ्या शाळांना जातो. त्या काही बोलल्या नाहीत.

दोन वर्षांनी प्रबंधाचा कच्चा खर्डा त्यांनी माझ्यापुढं ठेवला. चौथ्या प्रकरणात एक सारणी होती. 'वर्गस्तरावरील प्रत्यक्ष नोंद: १२. केंद्रस्तरावरील अहवालातील नोंद: १९.' माझं नाव नव्हतं. आकडा होता. "काढायचं असेल तर सांगा," बाई म्हणाल्या. मी पान उलटलं आणि काढा असं म्हणालो नाही. मोठेपणा म्हणून नव्हे. त्या सारणीकडं बघितल्यावर ती काढायला सांगायची लाज वाटली.

या सगळ्याची किंमत

पीएचडीनं बाई चांगल्या शिक्षिका झाल्या, असं सरधोपट लिहिणं मला जमणार नाही. २०१८-१९ हे अख्खं वर्ष त्यांच्या वर्गाचं वाईट गेलं, असं मुख्याध्यापक म्हणायचे आणि ते खरं होतं. रजा वाढल्या. रविवारी पहाटेची एसटी धरून विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ते बहुतेकदा बंद किंवा अर्धवट उघडं. सोमवारी वर्गात डोळे चुरचुरत. त्याहून वाईट म्हणजे मुलांशी बोलताना बाई सारख्या टिपून घ्यायच्या. एका पोरानं शेवटी विचारलं, "बाई, तुमी आता आमी बोलल्यावर हसत न्हाईत. नुसतं लिवताव." बाईंनी त्या दिवसापासून वही ऑफिसच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली आणि शाळा सुटल्यावर आठवेल तेवढंच लिहायचं ठरवलं. गाईड सरांना हे पसंत नव्हतं. नोंद त्याच क्षणी झाली पाहिजे, असा नियम. नियमही बरोबर आणि पोरगंही बरोबर. प्रबंधात या पेचावर एक परिच्छेद आहे. माझ्या लेखी दुसऱ्या प्रकरणातल्या संबंधित साहित्याच्या शंभरावर पानांपेक्षा तो मोलाचा. ते साहित्याचं प्रकरण सगळे लिहितात म्हणून बाईंनी लिहिलं. त्यातून त्यांना फारसं काही मिळालं असं मला दिसलं नाही. सॉफ्टवेअरनं साम्य दहा टक्क्यांच्या आत दाखवावं म्हणून त्यातलीच वाक्यं फिरवून फिरवून लिहिण्यात एक उन्हाळा गेला.

दुसरा हंगाम अर्ध्यात तुटला. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि टोळ्या कारखान्यांवरच अडकल्या. एप्रिलमध्ये सरकारनं परवानगी दिली तेव्हा तपासण्या करून लोक गावी आले. काहींना गावात घेईनात, काही शेतातच राहिले. बाईंच्या बारा मुलांपैकी नऊ सापडली. प्रबंधात त्यांनी नऊच लिहिली आणि उरलेल्या तिघांची माहिती शेवटची कधी व कुठं मिळाली, ते एकेकाचं वेगळं लिहिलं. 'वगळली' हा शब्द त्यांनी वापरला नाही.

व्हायवा आणि नंतर

मौखिकी २०२२ साली झाली. खुली असते, म्हणून मी आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अपेक्षित तोच प्रश्न विचारला, "बारा मुलांवरून सामान्यीकरण कसं करणार?" बाई म्हणाल्या, "करता येणार नाही." परीक्षक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. बाई गप्प. गाईड सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं," परीक्षक म्हणाले, "पुढचं प्रकरण." दुपारी पदवीची शिफारस झाली. मुख्याध्यापक बाहेर येऊन म्हणाले, "त्यांनी विचारलं तर एवढं तुटक कशाला बोलायचं?" मला आठवलं, मागं शिक्षण परिषदेत याच बाई कुठल्याही उपक्रमावर दहा मिनिटं ओघानं बोलायच्या.

शिक्षण परिषदेतलं त्यांचं बोलणं खरंच बदललं होतं. लोक जरा टाळायलाही लागले होते. कुणी उपक्रम मांडला की बाई विचारायच्या, "सुरुवातीला किती मुलं होती? शेवटी किती? कमी झाली ती कोण?" तीनच प्रश्न. तरुण शिक्षक म्हणायचे, मॅडम व्हायवा घ्यायला लागल्या. एका परिषदेत त्यांनी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या. ३० सप्टेंबर आणि एप्रिल. संचमान्यतेसाठी पट धरतात तो ३० सप्टेंबरचा, टोळ्या निघायच्या आधीचा. निकाल धरतो तो एप्रिलचा, टोळ्या पुरत्या परतायच्या आधीचा. "म्हणजे ही लेकरं शिक्षकांची पदं मोजताना आहेत आणि शिक्षण मोजताना नाहीत," असं म्हणून त्या खाली बसल्या. टाळी वगैरे वाजली नाही. एका मुख्याध्यापकांनी काळजीनं विचारलं, "हे वर कळवणार आहात का?" पट कमी दिसला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्यांची भीतीही खोटी नव्हती.

त्या बैठकीनंतर केंद्रात थोडं काही हललं. वाचनाचे उतारे शाळांनी आपापसांत बदलून घ्यायचे ठरले, म्हणजे आपल्या पोरांना आपल्याच शाळेतला पाठ झालेला उतारा येऊ नये. हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी आम्ही दिवाळीनंतर घाईत करायचो, ती ऑगस्टमध्ये घरोघर जाऊन करू लागलो. त्यानं काही मुलगे गावात राहिले. मुली फारशा राहिल्या नाहीत. आई कोपीत सांगून गेली होती तेच कारण: बारक्याला कोण बघणार. त्यावर बाईंच्या प्रबंधात शिफारसी आहेत, पाळणाघराची वगैरे. शिफारसींचं प्रकरण असतं म्हणून त्या आहेत. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे. आमच्या केंद्रातल्या कुणी तो उघडून वाचल्याचं मला माहीत नाही.

बाईंना मग बी.एड. कॉलेजात तासिका तत्त्वावर बोलावणं आलं होतं. गेल्या नाहीत. शाळेच्या फळ्यावर मुख्याध्यापकांनी हौसेनं त्यांच्या नावाआधी 'डॉ.' रंगवून घेतलं, तेव्हा चौथीच्या पोरांनी दोन दिवस पोटदुखी आणली.

त्यांच्यात पक्कं काय उरलं म्हणाल, तर हजेरीपटाशेजारच्या वहीतला पेन्सिलचा एक रकाना. प्रत्येक नावापुढं, मुलानं न पाहिलेला कुठला मजकूर कोणत्या तारखेला वाचला. जे मूल जाणार, त्याच्यापुढं कधी गेलं, कुणासोबत, कुठल्या भागात, आणि परत आल्यावर काय वाचलं. हा रकाना कुठल्याही पोर्टलला लागत नाही. पेन्सिलनं का, असं मी एकदा विचारलं. "चुकतं," एवढंच म्हणाल्या.

२०२३ला मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी ऑनलाइन बदल्यांत बाई दुसऱ्या तालुक्यात गेल्या. त्यांच्या जागी तरुण गुरुजी आले. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा बाईंना फोन आला तेव्हा मी योगायोगानं बाईंच्या घरी होतो. नात्यातल्या एका मुलीच्या प्रवेशाचं विचारायला गेलो होतो. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, हा पेन्सिलचा रकाना पुढं भरायचा का?"

"भरा की."

"तसं नाही, म्हणजे हे भरलं तर पुढं पीएचडीला वगैरे उपयोगी पडतं का?"

बाई क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या.

"नाही पडत," त्या म्हणाल्या. "एका मुलाला दोन मिनिटं लागतात. शनिवारची सकाळची शाळा असते ना, तेव्हा भरा. आणि टोळ्या कधी निघणारेत ते आधी विचारून घ्या, म्हणजे जाणारी मुलं पहिल्यांदा होतील."